कच्चं काम

चौथीच्या बाकात गुडघे मावत नाहीत,
म्हणून मी आडवी बसते, भिंतीला पाठ लावून.
भिंतीवर दिवसाच्या पोरांनी रंगवलेला सूर्य.
त्याला मिशा.
साडेसहाची घंटा होते. लव्हेकाका वॉचमनचा शर्ट काढून
पिशवीत घालतात. आतला चौकडीचा,
तो विद्यार्थ्याचा.
नियाजच्या नखांत ग्रीस.
खरवंडीकर सर आडनावापासून हजेरी घेतात
आणि त्रेचाळीस वर्षांची मी
हजर म्हणताना उभी राहते.

समजा, सर म्हणतात.
सगळं बीजगणित या एका शब्दावर उभं आहे म्हणे.
समजा, ती संख्या क्ष.
पुस्तकात क्ष नाही, फुली छापलीय.
आम्हाला फुली म्हणजे चुकलं,
फुली म्हणजे रेशनकार्डावरून उडालेलं नाव.
लव्हेकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
सर, उत्तर लिहायच्या आधीच चूक का दिली?

हे पुस्तक माझ्या ओळखीचं आहे.
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
याचे सोळा-सोळा पानांचे फर्मे मी दुमडलेत,
हाडाची पट्टी फिरवत, गप्पा मारत.
पान तेहेतीस तिसऱ्या फर्म्यात पहिलं येतं
हे बोटांना केव्हाचं माहीत.
पान तेहेतीसवर काय आहे ते आत्ता कळतंय:

सजातीय पदांचीच बेरीज होते.
विजातीय नुसती शेजारी उभी राहतात,
मधे अधिकचं चिन्ह.
नियाज माझ्याकडे बघून हसला. मीही.
आमच्या बाकावर आम्ही तिघं, चिन्हांसकट.

पलीकडच्या बाजूला गेलं की चिन्ह बदलतं,
याला पक्षांतर म्हणतात.
यावर सगळा वर्ग हसला,
सरसुद्धा, खडू हातात धरून, बराच वेळ.
मला हसू आलं नाही.
आठवीतून उठवून मला दौंडला दिली,
आईच्या घरात अधिक होते,
तिकडे पोचेपर्यंत वजा.

मग सर म्हणाले, आपापल्या जगण्यातलं एक उदाहरण करा.
मी लिहिलं:
हजार फर्म्यांना नव्वद रुपये.
उचल कापली दीडशे.
शनिवारी हातात तीनशे नव्वद.
तर बाईने किती हजार फर्मे दुमडले?

नव्वद क्ष वजा दीडशे बरोबर तीनशे नव्वद.
दीडशे पलीकडे नेले.
पाचशे चाळीस भागिले नव्वद.
क्ष बरोबर सहा.
सरांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली,
माझ्या वहीतली पहिली.
म्हणाले, ताळा करून बघा.

केला. कागदावर जुळतो.
पण सर, मी सात दुमडले होते.
सातव्या हजाराला अंगठा सोलला,
चिकटपट्टी लावून पुरा केला.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
सरांनी गणित पुन्हा वाचलं, बोट ठेवून,
जसं मी वाचते.
मग म्हणाले, समीकरण बरोबर आहे,
दिलेली माहिती खोटी आहे.
उत्तरात असं लिहितात का, मी विचारलं.
पुस्तकात असं उदाहरण नाही म्हणाले,
पण पानं उलटत राहिले, घंटा झाली तरी.

उजवीकडे चार बोटं समास सोडायचा,
त्यात कच्चं काम करायचं. ते कुणी तपासत नाही.
आमच्याकडे कच्ची शिलाई असते तसं,
आत राहते, कव्हराखाली,
आणि तिच्यावरच पुस्तक टिकतं.
या आठवड्यात मी समासात रेघा ओढतेय,
हजाराला एक.
आज गुरुवार. चार झाल्यात, पाचवी अर्धी.
शनिवारी मालक त्यांची वही उघडतील.
मी माझी.

लव्हेकाका वाकून बघतात,
म्हणतात, पेन्सिलीनं नको ताई,
पेनानं ओढ.