शेरा

नवतप्याचा तिसरा दिवस. पाचपावलीच्या सबस्टेशनात
मी डोक्याला ओढणी गुंडाळून उभी,
हातात सत्तावीस पानांचा नमुना:
स्थलांतराचा पर्यावरणीय आढावा. भाग एक, विद्यमान जागा.

रोहित्र एकाहत्तर सालचं.
निनावे ऑपरेटर म्हणाले, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटं,
पण रिटायर माझ्याआधी होऊन राहिलं.

माती तीन ठिकाणची घेतली.
दोन पिशव्यांत काळी, भेगाळलेली, ओळखीची.
तिसरीत जे आलं ते ओलं नव्हतं, सुकंही नव्हतं;
बोटाला लागलं ते साबणाने दोनदा धुऊनही
डब्यातल्या पोळीला लागलं.
तेल आहे जी, निनावे म्हणाले. कधीपासून ठिबकते कोणाले माहीत.
आम्ही वरून गिट्टी टाकत गेलो.

प्राणी व पक्षी:
मागच्या सल्लागाराने लिहिलं होतं, नाहीत.
मी दुसऱ्या बे-कडे वळले तर निनावे ओरडले,
तिकडून नका जाऊ मॅडम!
मी जागच्या जागी थिजले, हात अंगाशी.
करंट नाही जी. टिटवी आहे.

गिट्टीत चार गिट्ट्या होत्या
ज्या गिट्ट्या नव्हत्या.
पाहिल्या, नजर हलली, हरवल्या, पुन्हा शोधाव्या लागल्या.
टिटवी तारेच्या कुंपणावर बसून
मला आणि कंपनीला एकाच शिवीत बसवत होती.

आर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी,
असं रजिस्टरात लिहिलेलं आहे. निनावे दोन ओततात.
दुसऱ्या बादलीत ती पोट भिजवते,
तशीच ओली पळत जाते, बसते अंड्यांवर.
छेचाळीस डिग्रीत.
दुसरी बादली कुठेही लिहिलेली नाही.

आवाज: मागच्या भिंतीपाशी चोपन्न डेसिबल.
भिंतीपलीकडे हरबाजी सोनकुसरे
भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात.
पांढरी पाच, ते म्हणाले, केसभर वर.
चाळीस वर्षं यावरच कान ठेवून सूर घासतो.
लाईन गेली की कानस खाली.
मग शांततेत काय जुळवणार सांगा?
मी लिहिलं: स्थलांतरानंतर ध्वनी कमी होईल. परिणाम सकारात्मक.
लिहिलेलं खरं आहे.

भाग दोन, प्रस्तावित जागा. पिवळ्या नदीच्या अलीकडे.
नकाशात पडीक.
पडिकावर म्हशींची वाट होती, खुरांनी खोल झालेली,
एक पळस, तीनदा तोडलेला, तीनदा फुटलेला,
आणि ओळीने थापलेल्या गोवऱ्या,
प्रत्येकीवर पाच बोटं.
बोटांच्या मालकीण फुलवंता नेवारे. म्हणाल्या,
ते रात्री गुणगुणते म्हणतात, खरं का?
म्हशी पान्हा सोडतील का मंग?

सत्तावीस पानांत म्हैस एकदाही नाही.
सवय होते, मी म्हणाले,
जरा घाईने,
दुसरीकडे झोपणारी माणसं म्हणतात तसं.

रात्री घरी नमुना भरला.
शेऱ्यासाठी शेवटी दोन ओळींची जागा.
पहिलीत लिहिलं: तेलाची खोली किती ते कळेपर्यंत खोदकाम नको.
दुसरीत: दुसऱ्या बे-ला अठ्ठावीस दिवस हात लावू नये.
ऑफिसातून देशकरांचा फोन. अठ्ठावीस कुठून आले?
कोणत्या नियमाखाली?
मी म्हणाले, निनाव्यांना विचारा.
निनावे या फाईलमध्ये कुठे आहेत? त्यांनी विचारलं.

खरंच, कुठे आहेत?

फोन ठेवला. कुलर एक नंबरवरून तीनवर केला.
गवताच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर झाला,
दिवा क्षणभर मंदावला, परत आला.
टिमकीपासून इथपर्यंत सगळ्या गल्लीचे कुलर
त्याच एका म्हाताऱ्या रोहित्रावर चालतात, माझाही.
आढावा घेणाऱ्याचे हितसंबंध, पान सव्वीस.
तिथे मी संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं:
नाहीत.