हवेत तीन फैरी

रत्नागिरीच्या रेकॉर्ड रूममधल्या शिपायाला
मी आधी कुणाची तरी आई वाटले.
"मुलाचा दाखला हवाय?"
नाही, माझंच काम. पीएच.डी. वय छप्पन्न.
त्याने पंख्याखालची खुर्ची दिली,
पंखा बंद होता.

जिल्हा फुटला तेव्हा वेळशीचे कागद इकडेच राहिले.
बस्त्यात ओळी मोजून तीन:
टोपलीपट्टीविरुद्ध बंदरावर बेकायदा जमाव.
हवेत तीन फैरी, जमाव पांगला.
मयत: निरंक.

निरंक मला ठाऊक आहे.
बावीस वर्षं एसटीत वाहक होते मी,
वस्तीच्या गाडीवर.
आधी डोकी मोजायची, मग तिकिटं,
मग पुन्हा डोकी.
जुळलं नाही तर घंटी द्यायची नाही.

वेळशीच्या मयतबुकात
दोन बाया आणि एक पोरगा
तापाने गेलेत,
एकाच मंगळवारी.

जकातचौकीचं दार आता
द्वारका गिरपच्या खुराड्याला आहे, आडवं.
फणसाचं लाकूड, वाळवी शिवलेली नाही.
मान वाकडी करून मी खालची कड ठरवली
आणि ब्लाउजच्या मापाची टेप लावली.
तीन फूट एक.
दोन फूट अकरा.
वेळशीत हवा इतकी खाली सुरू होते.

तिसरं भोक दोन फूट चारवर.
एवढं खाली का, मला कळेना.
द्वारका काही बोलली नाही.
लुगडं आवरून मातीत बसली,
माझ्या हातातली टेप घेतली
आणि जमिनीपासून स्वतःच्या कानसुलापर्यंत धरली.

"भयण माझी बसलेली.
उठान उभी रवाक तिका येळच गावलो नाय."

गाईड माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो.
फोनवर म्हणाला, "ताई, पण संदर्भ कसा देणार?
खुराड्याचा?"
मी वहीत लिहिलं: दार, फणस, आडवं. आत सात कोंबड्या.
खाली तारीख घातली.

चारच्या गाडीसाठी निघाले,
पायरीपर्यंत आले असेन,
मागून द्वारकाची हाक:
"गे कंडक्टरणी,
खालची फळी मातयेत गेली हा.
थंय हात घालून बघलंस?"

कोंबडी खसकन बाजूला झाली.
माती उबदार होती, थोडी ओली.
बोट फळीवरून सरकत गेलं,
सरकत गेलं,
आणि आत गेलं.

गाडीचा हॉर्न वाजला. मी दुसरा हात घातला.