टोपी काढा, हनुवटी इथे

टोपी काढा, हनुवटी इथे टेका,
कपाळ पट्टीला लावा.
दिवसातून चाळीस वेळा हेच वाक्य.
बायका आपल्या गोल टोप्या मांडीवर धरून बसतात,
निजलेलं लेकरू धरावं तशा,
आणि मी दिव्याची फट बारीक करत करत
त्यांच्या बुबुळांवरून फिरवते.

तितिकाकाच्या काठावर, इतक्या उंचावर
ऊन दोनदा लागतं:
एकदा आभाळातून, एकदा पाण्यातून.
म्हणून मासे धरणाऱ्यांच्या डोळ्यांत
नाकाकडच्या कोपऱ्यातून वडस सरकत येतो,
शेजाऱ्याने बांध कोरावा तसा,
दरवर्षी केसभर.
काळा चष्मा वापरा, मी म्हणते.
वापरतो की, फेर्मिन म्हणतो. लग्नात.

एउसेबिया चोके पट्टी परत करायला आली होती,
मोतीबिंदू काढल्याच्या नवव्या दिवशी.
धुऊन, घडी घालून, वर दोन उकडलेली अंडी.
माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, मला वाटलं होतं
तू तरुण आहेस.

आज निकानोर कालसिना.
सोळा सीटांची गाडी, घाटातला रस्ता,
परवान्यावर माझी सही हवी.
तक्त्यावर तीन दातांची फणी असते,
दात कुठे वळलेत ते हाताने दाखवायचं.
वर, डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे,
त्याने झरझर दाखवलं.
बाहेरच्या बाकावर बसून
माझ्या दाराच्या फटीतून पाठ केलं होतं सगळं.
मी तक्ता उलटा टांगला.
वर, डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे.
आम्ही दोघंही हसलो नाही.

काचबिंदू. दोन्ही कानांकडून
जग वाळत आलं होतं त्याचं,
मधे एक खिडकी उरलेली, ताटाएवढी.
तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून चालवली गाडी, तो म्हणाला.
आता तेल नको, हा थेंब घाला.
रोज रात्री, एकच. जन्मभर.
बरं वाटेल त्याने?
नाही. काहीच वाटणार नाही.
जे आहे ते राहील फक्त.
त्याने बाटली उजेडाकडे धरली,
इतक्याशा बाटलीचे इतके पैसे, असं तोंडाने न म्हणता.

सहा महिन्यांनी या, म्हटलं,
तर त्याने अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.
आमच्या आयमारात उद्या पाठीशी असतो.
तो कुणी पाहिलाय?
समोर असतो तो काल, झालेला, दिसलेला.
डोळा आणि काल, दोन्हींना शब्द एकच: नायरा.
ला पासमध्ये स्पॅनिश पुस्तकांतून डोळा शिकताना
माझा हात कधी फिरला कळलंच नाही.
पुढच्या तपासणीला या, म्हणत
मी समोर बोट करायचे,
आणि म्हाताऱ्या वळून बघायच्या
तिथे भिंतीवर काय आहे ते.
गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं.

सही केली नाही.
तो उठला, टोपी घातली,
बाजूच्या खुर्चीला गुडघा आपटला,
खुर्चीचीच माफी मागितली.

संध्याकाळी वीज गेली.
चिठ्ठ्या मेणबत्तीपाशी धरून वाचल्या,
मग जरा लांब, मग आणखी लांब.
चाळिशी माझ्याकडेही आलीय,
इथून पुढे हाताची लांबी पुरणार नाही.
लोकांना सांगते तो चष्मा
माझ्याच खणात दोन महिने पडून आहे.

घरी जाताना काठाचा रस्ता.
पाण्यावर अजून थोडं ऊन होतं,
मी डोळ्यांवर हात धरून चालत होते.
मागून हॉर्न वाजला.
मी न बघताच कडेला झाले.
घाटाकडून कुठलीशी गाडी येत होती,
बहुतेक सोळा सीटांची,
आणि चाकावर कोणाचे हात आहेत
ते अजून माझ्यासमोर आलं नव्हतं.