टाकी भरून ठेवा

व्यंकट म्हणाला, काकू, टाकी तेवढी भरून ठेवा,
रविवारी अकराला गिऱ्हाईक येऊलालंय.
नळ सोडून बघतात, सगळेच बघतात.
आणि जिन्याखालची ती टिपाडं हलवा.
टिपाडं दिसली की भाव पडतो.

अकरा टिपाडं. सात निळी, चार पत्र्याची.
मी आणि मन्मथप्पा, आडवी करून लोळवत नेली
रजियाआपाच्या परसात.
जिन्याखाली फरशीवर अकरा गोल उरले.
चिंच चोळली, लिंबू चोळलं, शेवटी ॲसिड.
फरशी पांढरी पडली, गोल तसेच,
उलट जास्त नीट दिसायला लागले.

रंगारी स्वयंपाकघरात थांबला. लांबी भरू का इथं?
ती भेग त्र्याण्णवची.
गणपती बुडवून येऊन नुकतं अंग टाकलं होतं,
आधी मांडणीवरची भांडी बोलली, मग जमीन.
सव्वा महिना अंगणात झोपलो,
संगमेशचा पाळणा लिंबाच्या फांदीला.
पुढं दर वर्षी मी भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करायची,
वाढली का बघायला.
नाही वाढली.
तीस खुणा एकाच जागी, नुसता काळा ठिपका.
म्हटलं, भर.
त्यानं दोन बोटांनी भरली आणि चहा मागितला.

बोअर किती फूट म्हणून लिहू? व्यंकटनं विचारलं.
मन्मथप्पा म्हणाले, कोणता?
पहिला दोनशेचा,
पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तिथला.
दुसरा साडेचारशे.
तिसऱ्यात माझ्या पाटल्या गेल्या, सहाशे दहा फूट खाली,
राखेसारखा फुफाटा निघाला,
गल्लीतली सगळी वाळवणं पांढरी झाली.
व्यंकट म्हणाला, बोअर आहे एवढंच म्हणायचं.
खोटं थोडंच आहे?
खोटं नव्हतं. तीन होते.

शनिवारी रात्री टँकर आला.
ड्रायव्हर पाइप वर फेकत म्हणाला, कार्य हाय का घरी?
म्हटलं, हाय.

निलंग्याकडची माणसं. तो बँकेतला,
फोननंच भिंती मोजत फिरला.
ती, सुलक्षणा, सातवा असावा,
थेट मोरीत गेली आणि नळ सोडला.
सोडून तशीच उभी राहिली,
धारेला बोटसुद्धा न लावता.

मी इकडं आधण ठेवलेलं.
व्यंकट डोळ्यांनी सांगत होता, वाहू द्या.
एक घागर गेली.
साखर किती घातली, मला आठवेना.
दुसरी घागर गळ्यापर्यंत आली असेल
तेव्हा माझा हात,
मी नाही, हात,
पुढं झाला आणि नळ बंद केला.
एवढा घट्ट की चावी किरकिरली.

मोरी गप्प.
ती माझ्याकडं बघत होती, मी नळाकडं.
आमच्याकडं आठव्या दिवशी येतं, ती म्हणाली,
तुमच्याकडं?
व्यंकटला खोकला आला.
दहाव्या, मी म्हटलं.

मग तिला जिन्याखाली नेलं, गोल दाखवले.
तिनं चप्पल काढली
आणि एका गोलात जाऊन उभी राहिली.
ओठ हलत होते. मोजत असावी.
म्हणाली, टिपाडं कुठायत? ती पण द्याल का?

भाव चाळीस हजारांनी उतरला.
मंगळवारी इसार झाला.
व्यंकट चार दिवस बोलला नाही.

टिपाडं आणायला मीच गेले आपाकडं.
धुऊन उपडी घातलेली, दहा.
अकरावं उताणं.
आत डोकावले तर तळाशी मूठभर साखर.
रिकामं कसं देऊ, आपा म्हणाली,
आणि दाराआड गेली.

मुंग्या आधीच लागल्या होत्या.