बिनबुडाचा

मंगळवार बाजारात, सायकलच्या चेना आणि
बंद पडलेल्या मीटरांच्या ढिगात
हा नाक वर करून बसला होता.
चिनी मातीचा, विटकरी, एक कान उडालेला.
“कोल्हा आहे. विलायती.” रफीक म्हणाला.
“खोकड आहे,” मी म्हटलं. “नान्नजच्या माळावर असतं तसलं.”
“मग खोकडाचे तीनशे.”

उलटा केला तर पेला.
आतून दुधाच्या दातासारखा पांढरा,
खाली मात्र बूड नाही, नुसतं नाक.
भरून कुठं टेकवावा म्हटलं तर लवंडतो.
उरलेल्या कानामागे, झिलईखाली,
कुणा कारागिराचा अंगठा उमटलेला,
भाजायच्या आधीचा.

शेजारचे यमुल, मिलच्या फोल्डिंग खात्यातून निवृत्त,
बघून चष्मा पुसायला लागले.
“असले सहा होते ओ, बंगल्यावर.
साहेब लोक घोड्यावर बसले की माझा बाप खाली उभा.
एका हातात बाटली, एका हातात हे डोकं.
त्यांनी प्यायचं, संपवायचं, रिकामं खाली द्यायचं.
मग कुत्री सोडायची माळावर.”
“कशामागे?”
यमुलनी पेल्याकडे बोट केलं.

सुमेधानं हौसेनं त्यातच चहा ओतला.
पहिला घोट घेतला नाही तोच सिलिंडरवाला दारात,
सुट्टे पैसे कपाटात,
आणि हातात भरलेलं खोकड,
वाफाळतंय, बोटं पोळतायत.
“द्या इकडं,” म्हणाले यमुल.

पैसे देऊन परत आलो तर
ऐंशीचा माणूस टाचा जुळवून उभा,
पेला छातीच्या उंचीला,
नजर समोरच्या कॅलेंडरवर.
“अहो बसा की.”
“तुमचं होऊ द्या आधी.”

चहा कसा प्यालो ते माझं मला माहीत.
रिकामा पेला पालथा घातला टीव्हीशेजारी,
तसं खोकडानं परत नाक वर केलं,
जसं काही झालंच नाही.

यमुल चपला शोधत होते.
दारातून वळून म्हणाले,
“बापाचा उजवा अंगठा वाकडा होता.
सरळ व्हायचाच नाही शेवटपर्यंत.
आम्ही आपलं समजायचो,
मागावरचा असेल.”