मधलं बटण

गेटवर, पंचिंग मशीनच्या शेजारी
पुण्याहून आलेली एक पेटी, तीन चेहऱ्यांची.
हिरवा हसतो, लाल रडतो,
मधल्या पिवळ्याला तोंडाच्या जागी आडवी रेघ.
वर लिहिलंय : आज कसं वाटतंय?

पहिल्याच आठवड्यात भागवत नेहेतेनं लाल दाबलं.
दुपारी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला,
घरी काही त्रास आहे का, विचारलं.
घरी काहीच त्रास नव्हता.
हिरवं दाबावं तर बोटाला लाज वाटते.
म्हणून आम्ही एकशे चाळीस माणसं मधलं दाबतो
आणि दोन महिन्यांत
पिवळ्याचा रंग उडालाय, रेघही पुसत आलीय.

जळगावच्या एमआयडीसीत पत्र्याखाली
मे महिन्यात चटईचा धागासुद्धा घामेजतो.
पाच नंबरची लूम माझी.
धागा तुटायच्या आधी तिचा आवाज जरासा खरखरतो,
सर्दी होण्याआधी पोराचा होतो तसा.
मला तो जेवणाच्या शेडमधून ऐकू यायचा
आणि मी डबा तसाच टाकून धावायचो.
कोणी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, आखाजीच्या तोंडावर,
लग्नसराईची ऑर्डर, नवं डिझाइन : मोर.
मोराच्या डोळ्याचा एक काळा धागा सुटत होता.
मी लूम थांबवली.
साहेब आले. कोणाला विचारून?
मी डोळा दाखवला.
त्यांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले,
'लोक चटईवर बसतात हो,
तिच्या डोळ्यात बघत नाहीत. लावा.'
आवाज चढवला नाही. हसलेच थोडे.
वहीत माझ्या नावापुढे लिहिलं गेलं :
अकरा मिनिटं.

लूम लावायला काय, एक खटका.

तेव्हापासून माझी हजेरी पूर्ण आहे.
पाच वीसला पिशवी खांद्यावर,
साडेपाचला मी हायवेच्या पलीकडे.
आंधळे मोर गेले सेंधव्याला, सुरतेला, अकोल्याला,
गठ्ठ्यांनी, गुंडाळून, ट्रकमध्ये उभे.
धागा तुटणार हे अजूनही ऐकू येतं.
ऐकून घेतो.
मग उठतो, सावकाश.

परवा फैजपूरला साडूच्या मुलीचा साखरपुडा.
मांडवात चटया, पंगतीला भरीत, कळण्याच्या पुऱ्या.
बसता बसता बोटं काठावरून फिरली
आणि ओळख पटली. पाच नंबर.
गुडघा तसाच दाबून धरला मी त्या मोरावर,
कोणी पाहू नये म्हणून.
कोण पाहणार होतं?

एक पाचेक वर्षांची पोर,
हातात निळा स्केचपेन,
पंगतीच्या मधून वाकून वाकून येत होती,
प्रत्येक मोरापाशी थांबायची, जीभ बाहेर काढून
एक ठिपका द्यायची.
तिची आई ओरडत होती, अगं, चटई खराब होईल!
ती माझ्यापाशी आली.
'काका, पाय उचला ना,
याचा राहिलाय.'

मी पाय उचलला.
ताटातलं भरीत कितीतरी वेळ
तसंच निवत होतं.

आज सकाळी गेटवर भिला आप्पा नेहमीसारखे,
स्टुलावर, टोपी मांडीवर :
'दाब ना भो, बोट काय झिजी जाई?'
पेटीवर तो पुसलेला चेहरा,
आडवी रेघही आता धड नाही.
म्हटलं, आप्पा, पेन आहे का?
त्यांनी नोंदवहीचा पेन पुढे केला,
चोरीला जाऊ नये म्हणून दोऱ्याला बांधलेला.
मी ओढून पाहिला.
चार बोटं कमी पडला दोरा.

मागे रांग खोळंबली होती.
दाबलं.