मस्टर

गेटवर बँकेची नोटीस, नोटिशीवर घरगुती पापडांची जाहिरात.
वॉचमन पोरगा हरसूलकडचा. म्हणाला,
काका, आत काय बघायचंय,
भंगारवाल्यांनी जमिनीतली केबलसुद्धा उपसून नेली.
मी म्हटलं, मी इथं टाइम ऑफिसला होतो.
त्याला ते काय असतं, कळलं नाही.
खिडकी असते रे. हातभर.
तिच्यातून मी सव्वीस वर्षं सातपूरचे हात पाहिले,
चेहरे नंतर.

आम्ही प्रेशर गेज बनवायचो.
पितळी नळी, पांढरी तबकडी, काळी सुई.
शेवटच्या टेबलावर यमुना पगारे,
डोळ्याला भिंग लावून सुई शून्यावर आणायची,
दिवसाला दीडशे.
नवरा गेला त्या महिन्यातही तिचा एक पीस परत आला नाही.
म्हणायची, दाब नसला की शून्य दिसलं पाहिजे,
बाकीचं बॉयलरवाला बघेल.

माझ्याकडे निळी शाई हजेरीला, लाल खाड्याला,
आणि बदलीवाल्यांसाठी पेन्सिल.
दोनशे एकोणचाळीस दिवस भरले की नाव पुसायचं.
दोनशे चाळिसावा कुणाचा उगवू द्यायचा नाही, असं वरून होतं.
वरून म्हणजे जिन्यावरून. लेखी कधीच नाही.
निवृत्ती बेंडकुळे, राहणार अंजनेरी,
सात वेळा पुसलाय मी.
आठव्यांदा लिहायला गेलो
तर पेन्सिल कागदाच्या पार गेली,
खालच्या पानावरच्या कुणाच्या तरी पगारात.

मग दुसरा झेंडा आला.
धात्रक आणि खैरनार सख्खे साडू,
एका डब्यात जेवणारे; डब्याचे दोन डबे झाले.
कंपनीनं कराराला धात्रकचा झेंडा घेतला,
खैरनारचा गेटबाहेर ठेवला.
दगड कुणी मारला ते सगळ्या पाळीला माहीत होतं.
खैरनारचा उजवा डोळा गेला.
पोलिसांनी नाव विचारलं तर म्हणाला,
उन्हात दिसलं नाही.
सकाळची पाळी होती. ढगाळ होतं.

मशिनं गेली ती रात्री दोनला,
तीन ट्रक, दमणकडे.
गेटपास मी लिहिला:
'दुरुस्तीसाठी. परत येणार.'
परत आल्याची तारीख लिहायचा एक रकाना असतो पासवर.
सकाळी माणसं कार्डं घेऊन उभी राहिली,
मी खिडकीला आतून कडी घातली.
बाहेर भोंग्याची वाट बघत होते.
भोंगा पण ट्रकमध्ये होता.

एकशे तेरा दिवस मांडव होता.
यमुनाबाई मधेच उठून पिंपळगावला गेली द्राक्षांच्या विरळणीला,
तोच हात, आता कात्री.
एकदा भेटली सीबीएसला. हिशेबाचं काही विचारलं नाही.
बोटं दाखवली, औषधानं फाटलेली.

लेबर कोर्टात मला साक्षीला उभं केलं,
कंपनीकडून.
वकिलानं विचारलं, बेंडकुळे सलग कामावर होता?
मी म्हटलं, मस्टरवरून तसं दिसत नाही.
हे खरं होतं. खोटं एक अक्षर बोललो नाही.
बाहेर चहाच्या गाडीवर निवृत्ती आला,
माझेही पैसे त्यानं दिले,
आणि एवढंच विचारलं:
खोडरबर कुठल्या कंपनीचं होतं हो?

शेडमध्ये घाणेरी उगवलीय, पत्र्यातून ऊन गळतं.
खांबावर एक गेज राहिलंय, काच फुटकी.
नळी कशालाच जोडलेली नाही.
सुई चारच्या थोडी पुढं.
मी टिचकी मारली. हलली नाही.

निघताना पोराला विचारलं, ड्यूटी किती?
बारा तास. ठेकेदाराला मोबाइलवर फोटो टाकला की हजेरी.
आणि ब्रेक?
आठ महिने झाले की देतात, हसून म्हणाला,
मग पुन्हा घेतात, नवीन म्हणून.
त्यानं वही पुढं केली,
नाव, गाव, येण्याचं कारण.
सोबत दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.
मी पेन मागितलं.
पेन नाही, काका, म्हणाला, याच्यानंच लिहा.